सहाचा फोन नऊला

शाळा सुरू झाली, नव्या पुस्तकांना कव्हरं घालून झाली, आणि पहिल्याच पावसात कुणाची तरी नवी कोरी छत्री हरवूनही झाली असेल. घरच्यांनी काय ऐकवलं ते सांगू नका. आमच्याकडेही तेच ऐकवतात.

गेले तीन अंक मी या पानावर नव्हतो. संपादकांनी ‘लेखकाच्या प्रकृतिअस्वास्थ्यामुळे’ अशी एक ओळ छापली आणि तुमच्या पत्रांचा पाऊस सुरू झाला. एकानं विचारलंय, मलेरिया का टायफॉइड? एका मुलीनं आल्याचा काढा कसा करायचा ते चित्रासकट कळवलंय. (चित्रातलं आलं बटाट्यासारखं झालंय, पण काढा चांगला झाला.) तर मंडळी, ते ‘प्रकृतिअस्वास्थ्य’ म्हणजे माझा डावा पाय. घोट्याशी हाडाला बारीक चीर गेली होती आणि तीन आठवडे तो पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टरमध्ये विश्रांती घेत होता.

पाय कसा मोडला हे मी आतापर्यंत तीन जणांना तीन तऱ्हांनी सांगितलंय. डॉक्टरांना म्हणालो, दगड निसटला. ऑफिसात म्हणालो, ट्रेकमध्ये छोटासा अपघात. बहिणीला म्हणालो, अगं, घसरलो. तिन्हीत खोटं तसं काही नाही. पण माझ्याबरोबर होते त्यांतल्या एकानं मला परवा एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून वाटतंय, निदान तुम्हाला तरी सगळं पहिल्यापासून सांगावं.

तर झालं असं. मे महिन्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. ‘काजवे खरोखर असतात का? आमच्या कॉलनीत एकही नाही.’ ते पत्र मी घरी मोठ्यानं वाचलं आणि तिथंच चूक झाली, कारण ऐकायला माझा भाचा बसला होता. यंदा सहावीत गेलाय. दिवसाला साधारण शंभर प्रश्न विचारतो, म्हणून घरात त्याचं नाव प्रश्नराव. ‘मामा, तू पाहिलेत? कधी? कुठं? मग आम्हाला का नाही नेलंस?’ शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत, आम्ही निघालो. मी, प्रश्नराव, त्याची आठवीतली ताई म्हणजे माझी भाची, आणि त्यांच्या शेजारचा एक मुलगा. हा मुलगा गाडी सुटायच्या आधीच डबा उघडतो. त्याला आपण भूकमहाराज म्हणू.

स्टेशनवर बहिणीनं मला बाजूला घेतलं. ‘परवा संध्याकाळी सहाला फोन कर. खाली उतरलात की लगेच.’ मी म्हणालो, ‘सहा म्हणजे सहा.’ हे वाक्य लक्षात ठेवा.

कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढं जीप. घाट चढून इगतपुरी, मग घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की डोंगर एकदम जवळ येतात. बारी गावाशी जीपवाल्यानं बोट दाखवलं, ‘ते कळसूबाई.’ १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. भूकमहाराजांनी मान वर केली, घास गिळला आणि म्हणाले, ‘आपण तिथं नाही ना जायचं?’ नाही, तिथं नव्हतं जायचं. आम्हाला जायचं होतं भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला, रतनवाडीला. हे धरण १९२६ साली पुरं झालं. जूनच्या सुरुवातीला पाणी खूप आत गेलेलं असतं आणि काठाला नुसत्या तपकिरी मातीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात. पावसाळ्यात हेच तळं असं काही फुगतं की ओळखू येत नाही.

रतनवाडीत ओळखीच्या एका घरी उतरलो. घरात बाबा, म्हणजे साठी कधीच ओलांडलेले आजोबा. अंगानं काटक आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांची सून, आम्ही तिला वहिनी म्हणतो. आणि बाबांची नात. ती आश्रमशाळेत नववीत शिकते आणि सुटीला घरी आली होती. माझ्या भाचीनं आणि तिनं पहिली दहा मिनिटं एकमेकींकडे नुसतं पाहिलं, आणि अकराव्या मिनिटाला दोघी करवंदं काढायला गायब! संध्याकाळी नागलीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा. भूकमहाराजांनी चौथी भाकरी घेतली तेव्हा वहिनी हसत म्हणाल्या, ‘ह्याला इथंच ठेवा. नांगराला माणूस पाहिजेच.’

अंधार पडल्यावर बाबा उठले. नातीनं आमच्या तिन्ही बॅटऱ्या मागून घेतल्या आणि काचांवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बसवून दिला. ‘पांढरा उजेड पडला तर ते विझतात,’ ती म्हणाली. गावाबाहेर सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी मोठाली झाडं आहेत. आम्ही एका बांधावर बसलो. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. ‘मामा, कुठायत?’ प्रश्नराव कुजबुजला. तेवढ्यात गवतात एक ठिणगी. मग दोन. मग समोरचं झाड...

आता हे कसं सांगू तुम्हाला? दिवाळीत इमारतीवर सोडलेल्या माळा आठवा. पण त्या माळेतले दिवे एकाच वेळी लुकलुकत असतात आणि ती लुकलुक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाटेसारखी चढत जाते, आणि ती पोचते तोवर शेजारच्या झाडावर दुसरी लाट सुटलेली असते. एक झाड विझलं की दुसरं पेटतं. आणि आवाज? अजिबात नाही. बेडूक सोडले तर. भाची कितीतरी वेळ काही बोललीच नाही. भूकमहाराजांच्या हातातली चिक्की हातातच राहिली, यावरून काय ते समजा.

प्रश्नरावाचे प्रश्न मात्र परतीच्या वाटेवर बांध फुटल्यासारखे आले, आणि तुमचेही तेच असणार. तर, काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. त्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं एक द्रव्य असतं. श्वासातला प्राणवायू तिथं पोचला की एका विकराच्या मदतीनं त्यांचा संयोग होतो आणि प्रकाश पडतो. आपला जुना बल्ब पेटला की हात लावता येत नाही इतका तापतो. काजव्याचा उजेड मात्र थंड. तो हातावर बसला तरी चटका नाही. लुकलुकणं ही त्यांची भाषा आहे. नर उडता उडता इशारा देतो, मादी गवतातून किंवा पानावरून उत्तर देते. म्हणूनच आपण बॅटरीचा किंवा गाडीच्या दिव्यांचा झोत टाकला की त्यांचं बोलणंच तुटतं. भंडारदऱ्याच्या रस्त्याला त्या रात्री गाड्यांची रांग लागली होती, आणि मोबाइलचा फ्लॅश मारून काजव्यांचे फोटो काढणारे महाभागही होते. फोटोत काय येतं? काळोख!

‘मामा, ते खातात काय?’ हा प्रश्न अर्थातच भूकमहाराजांचा. काजव्याची अळी खाते. ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी फस्त करते, महिनोन्‌महिने. पण पंख फुटले की बऱ्याच जातींचे काजवे फारसं काही खात नाहीत. मोजके दिवस जगतात, लुकलुकतात, अंडी घालतात, संपतात. ‘जेवतच नाहीत?’ भूकमहाराज थांबलेच. त्या रात्री ते जरा गंभीर होते.

तुमच्या कॉलनीत काजवा का नाही, हेही यात आलं, नाही का? ओली माती, पाचोळा, गोगलगायी आणि अंधार. यातलं काय आहे आपल्याकडे?

दुसऱ्या दिवशी रतनगड. पहाटे उठून आधी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. सुमारे हजार वर्षांचं हे काळ्या दगडातलं देऊळ. भिंतीवर बोटभरही जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतीत चौफेर कोनाडे आणि त्यांत मूर्ती. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते आणि या गावाजवळून धरणात येते. पुढं हीच नदी नेवाशावरून जाते, जिथं १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि शेवटी गोदावरीला मिळते. ही नदी आम्ही त्या सकाळी चपला न भिजवता ओलांडली. एकदा नव्हे, कितीतरी वेळा, कारण गडाची वाट तिच्या पात्रातूनच अलीकडे-पलीकडे करत जाते. नुसते गोटे. मध्ये कुठं कुठं डबकं. ‘ही नदी?’ प्रश्नरावाला पटेना. बाबा म्हणाले, ‘झोपलीय.’

वाट घनदाट झाडीतून जाते. एका ठिकाणी फाटा आहे. तिथून एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढं हरिश्चंद्रगडाला निघते. आम्ही गडाची धरली. झाडी संपली की समोर कातळ आणि त्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. इथं आमच्या भाचीचे पाय लटपटले. ती आठ-दहा पायऱ्या चढली आणि शिडीला घट्ट मिठी मारून थांबली. खाली बघू नको, वर बघ, असं सगळे सांगतात तसं मीही सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. नात वरून परत दोन पायऱ्या खाली उतरली आणि म्हणाली, ‘तू नुसतं माझ्या पायाकडं बघ. मी जिथं ठेवीन तिथं हात ठेव.’ झालं, चढली! शिड्यांवर गणेश दरवाजा, मग गुहा, गुहेत रत्नाबाईची मूर्ती. गडाची उंची १२९७ मीटर. घाम पुसला, डबे सोडले, दीड वाजला.

आणि मग आम्ही नेढ्यात गेलो.

नेढं म्हणजे सुईला दोरा ओवायचं भोक. गडाच्या माथ्यावरच्या कातळाला आरपार असंच एक भोक पडलंय, वाऱ्यापावसानं पाडलेलं. त्यात आपण आरामात बसू शकतो. बसलं की वारा असा सुटतो की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. एकीकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन राकट गड, त्यांच्या पलीकडे कळसूबाईची रांग, दुसऱ्या बाजूला आजोबाचा डोंगर, आणि खाली कोकण, धुरकट, लांबवर पसरलेलं. कोकणात लख्ख ऊन होतं.

कळसूबाईच्या मागं मात्र आभाळ काळं झालं होतं. जांभळासारखं काळं. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं आणि उठले. ‘चला पाव्हणं. उतरायचं आता.’

तेवढ्यात त्या काळ्यात एक रेघ चमकली. प्रश्नरावानं मोजायला सुरुवात केली. हे मीच त्याला शिकवलंय. वीज दिसली की सेकंद मोजायचे, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. छत्तीस आले. ‘बारा किलोमीटर, मामा!’

‘खूप लांब आहे,’ मी म्हणालो. ‘बाबा, दहा मिनिटं. मुलं परत कधी येणार? एक फोटो काढू आणि निघू.’ बाबा काही बोलले नाहीत. पाहुण्याला दोनदा सांगायची त्यांच्याकडे रीत नाही. आणि त्यांनी दोनदा सांगितलं नाही, याचा मी सोयीचा अर्थ घेतला.

दहाची वीस मिनिटं झाली. भूकमहाराजांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेले येत होते.

वीस मिनिटांत ढग कुठल्या कुठं येतो हे मी पुस्तकात वाचलंय, तुम्हाला याच पानावर एकदा लिहूनही कळवलंय. शिड्यांशी पोचलो तेव्हा प्रश्नरावाचा आकडा पंधरावर आला होता. पाच किलोमीटर. आणि समोर लोखंडी शिड्या, उघड्या कातळावर! विजेच्या वेळी माणसानं जिथं अजिबात असू नये, त्या जागांमध्ये हिचा नंबर फार वरचा. गुहेत परत जावं का? बाबांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं, मग स्वतः आधी उतरले. नात भाचीच्या पुढं, तसंच, ‘माझ्या पायाकडं बघ’ करत. मी शेवटी. या वेळी भाची एकदाही थांबली नाही. तिला खोलीची भीती वाटायला वेळच नव्हता. आम्ही सगळे झाडीत शिरलो आणि दोन-चार मिनिटांत मागं कातळावर असा काही कडकडाट झाला की प्रश्नरावाचं मोजणं ‘एक’ म्हणायच्या आधीच संपलं.

मग वळीव कोसळला. टपोरे, गार, गारांसारखे लागणारे थेंब. पाऊण तास, एक तास. आम्ही भिजलो, थरथरलो, हसलोही. वाट आता लाल पाण्याचा पाट झाली होती. खाली पहिला ओढा घोट्याइतक्या पाण्यातून पार केला. आणि दुसऱ्याशी आलो, जिथं वरून आणखी एक ओहळ येऊन मिळतो, तिथं सकाळी झोपलेली प्रवरा उठून बसली होती.

सकाळी ज्या गोट्यावर उभं राहून मी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, तो गोटा दिसतच नव्हता. गढूळ, चहासारखं पाणी, फांद्या, पाला, आणि एक विचित्र खडखड. ती खडखड पाण्याची नव्हे, तळातले दगड एकमेकांवर आपटत चालल्याची असते. हे मला तेव्हा बाबांनी सांगितलं. सव्वाचार वाजले होते. नातीनं पाण्याच्या अगदी कडेला तीन दगड एका ओळीत मांडले आणि शांतपणे बसून राहिली.

‘हे काय?’ भाचीनं विचारलं.

‘पहिला बुडाला तर पाणी चढतंय. तिघंही कोरडे राहिले आणि पाणी मागं गेलं की उतरतंय. मग जायचं.’

‘आणि किती वेळ?’

‘पाणी सांगंल तेवढा.’

पहिला दगड बुडाला. थोड्या वेळानं दुसरा. मुलांनी चिवड्याची पिशवी काढली, भेंड्या सुरू केल्या. खरं सांगतो, मुलं मजेत होती. बेचैन होतो तो मी. माझ्या डोक्यात एकच होतं, सहाचा फोन. जंगलात रेंज नाही. गावातही देवळाच्या पुढं बांधावर गेलं तरच मिळते. इथून गाव तासाभरावर. पावणेपाच वाजले. बहीण सहाला फोन हातात घेऊन बसेल, सव्वासहाला काळजी करेल, साडेसहाला... आणि मी तिला म्हणालो होतो, सहा म्हणजे सहा.

तिसरा दगड अजून कोरडा होता. मी ठरवलं, पाणी थांबलंय. कुणाला न सांगता दहा पावलं वर गेलो. तिथं पात्र जरा रुंद दिसत होतं. रुंद म्हणजे उथळ, नाही का? एक पाय टाकून बघावा, म्हटलं. नुसता अंदाज. पाणी पोटरीपर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. मागून बाबांचा आवाज आला, ‘पाव्हणं!’ आणि मी दुसरं पाऊल टाकलं.

त्या पावलाखालचा दगड चालत होता. पाय दोन गोट्यांमध्ये गेला, अंग पाण्याबरोबर गेलं, आणि एक बारीकसा आवाज झाला, जो मला अजून ऐकू येतो. तोंडात पाणी. मग पाठीला हिसका. बाबांनी माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला होता. त्यांचा दुसरा हात करंजाच्या फांदीला. त्या माणसाचं वजन माझ्याहून निम्मं असेल. भाची आणि नात दोघींनी त्यांना मागून धरलं होतं. असे सगळे मिळून त्यांनी मला काठावर ओढलं.

कुणी काही बोललं नाही. बाबाही नाही. तेच बोलले असते तर बरं झालं असतं. प्रश्नराव माझ्याकडे पाहत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही विचारायचं नव्हतं. भूकमहाराजांनी त्यांच्याकडची शेवटची चिक्की माझ्या हातात ठेवली. मला ती खाववेना.

बाबांनी डोक्याचं फडकं सोडून माझा घोटा गच्च बांधला. कोयत्यानं एक काठी तोडली, साल काढून गुळगुळीत केली. तासाभरानं नात उठली. दुसरा दगड वर आला होता. मग पहिला. मग पहिल्याच्या पलीकडे वीतभर चिखल दिसला. सव्वासहाला आम्ही हातात हात धरून पार झालो, तेही नेहमीच्याच जागी, पोटरीभर पाण्यातून. तासाची वाट मी दोन तासांत लंगडत उतरलो. माझी पिशवी नातीच्या पाठीवर होती.

अंधारात, गाव अजून खाली असताना, झाडांमधून दोन-तीन दिवे वर येताना दिसले. प्रश्नराव म्हणाला, ‘काजवे!’ पण ते काजवे नव्हते. वहिनी आणि गावातले चौघे जण आम्हाला शोधायला निघाले होते. त्यांच्या भातखाचरांची त्या दिवशीची कामं तशीच टाकून. बांधावर जाऊन बहिणीला फोन लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. तिनं पहिल्याच घंटेला उचलला. ‘अगं, सगळे ठीक आहेत, माझा पाय जरा... घसरलो,’ मी म्हणालो. ती काही बोलेना. मग तिनं म्हटलं, ‘मुलांना दे.’

वीस मिनिटांचा हिशेब प्रश्नरावानं घरी येऊन कागदावर केला. नेढ्यातून दोन वाजता निघालो असतो तर दुसऱ्या ओढ्याशी पाणी चढायच्या आत पोचलो असतो. मी तो हिशेब दोनदा तपासला. बरोबर आहे. प्लॅस्टरवर त्यानं पेननं काजव्यांचं झाड काढलं आणि खाली तीन दगड. परवा प्लॅस्टर कापायला निघालो तेव्हा त्यानं तो प्रश्न विचारला.

‘मामा, तू आईला घसरलो म्हणालास. तू घसरलास का पाण्यात उतरलास?’

‘उतरलो,’ मी म्हणालो.

‘मग आईला सांगितलंस?’

काल सांगितलं. काय ऐकून घेतलं ते छत्रीसारखंच, विचारू नका. पुढच्या वेळी ती स्वतःही बरोबर येणार आहे, एवढंच ठरलंय.

तुमच्या पत्रांच्या ढिगात एक पोस्टकार्ड आश्रमशाळेतून आलंय. अक्षर मोत्यासारखं. शाळा सुरू झाली, दहावीचं वर्ष आहे म्हणून अभ्यास फार आहे. अमृतेश्वराच्या पिंडीपर्यंत पाणी आलं. ओढा आता दिवाळीपर्यंत उतरायचा नाही, तेव्हा पाऊस उघडल्यावर या. बाबा विचारतात, पाव्हण्यांचा पाय कसा आहे. आणि शेवटी, ‘तुमच्या भाचीला सांगा, शिडीवर मलापण पहिल्यांदा भीती वाटली होती.’

हे कार्ड मी भाचीला दिलं. तिनं ते कंपासपेटीत ठेवलंय आणि परत मागितलं तरी देत नाही.